मघेखालचा बिभा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ-साडेनऊला परळी वैजनाथच्या जवळजवळ माथ्यावर मघेचा ठळक तारा येतो. हात लांब करून मूठ धरावी आणि त्या ताऱ्यापासून दक्षिणेकडे दीड मूठ खाली यावे. तिथे आकाश रिकामे वाटते. सेक्स्टन्स या मंद तारकासमूहातला एचडी 86081 तिथेच आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण लहान दुर्बिणीच्या आवाक्यातला आहे. अंतर सुमारे 340 प्रकाशवर्षे.

शास्त्रज्ञ त्याला बटुतारा म्हणतात. आपला सूर्यही बटुताराच. हा त्याहून थोडा मोठा आणि जास्त तापलेला. 2006 मध्ये याच्याभोवती एक प्रचंड ग्रह सापडला. त्याचे वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट, आणि वर्ष अवघ्या दोन दिवस तीन तासांचे! बुध सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी अंतरावरून तो ताऱ्याला फेऱ्या घालतो. ग्रह कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्याच्या ओढीने तारा पुढेमागे हलतो, तो वेग ताशी सुमारे 750 किलोमीटरपर्यंत जातो. परळी जंक्शनवर गाडी जवळ येताना आणि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो, तसा या हालचालीने ताऱ्याचा प्रकाश किंचित बदलतो. वर्णपटातला तेवढा बदल मोजून ग्रह ओळखला.

आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवण्यासाठी मिळाला. भारताच्या वाट्याला हा आला. डिसेंबर 2019 मध्ये नावे जाहीर झाली: तारा ‘बिभा’, ग्रह ‘संतमस’, म्हणजे ढगाळलेला. ग्रहाचे नाव सुचवले पुण्यातल्या 13 वर्षांच्या शाळकरी मुलाने. मराठी मुलखाला याचा अभिमान वाटायला हवा.

पण मला जास्त सांगायचे आहे ते ज्यांच्यावरून ताऱ्याला हे नाव मिळाले, त्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्याविषयी. जन्म 1913. कोलकात्याच्या देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवून विश्वकिरणांचे माग टिपले आणि त्यांत मेसॉन कणांच्या खुणा शोधल्या. निबंध ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढच्या खात्रीसाठी अधिक संवेदनशील काचा हव्या होत्या. महायुद्धामुळे त्या मिळेनात. तशा सुधारित काचा वापरून ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांनी पाय-मेसॉन शोधला आणि 1950 चे नोबेल त्यांना मिळाले. बिभा चौधरी मँचेस्टरहून डॉक्टरेट करून आल्या, 1949 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. 1991 मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. या उपेक्षेला केवळ युद्ध कारणीभूत नाही; आपणही त्यांना विसरलो.

परळीतल्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे: एप्रिलमधल्या चांदणे नसलेल्या एका रात्री औष्णिक केंद्राच्या उजेडापासून दूर, बालाघाटच्या बाजूला मुलामुलींना न्या, दुर्बीण लावा, आणि तारा दाखवताना या बाईंचे काम सांगा.