उंबऱ्याबाहेरून म्हटलेला अभंग

चतुर्थीच्या दिवसांत मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत रात्री दहानंतर जा. माटवीखाली गणपती, समोर बुवांची पेटी, बाजूला पखवाज, झांजा, चकी आणि आत चुलीवर काळ्या वाटाण्यांची उसळ. बुवांनी ‘अबीर गुलाल’ घेतला की पेंगणारे चाकरमानीही सावरून बसतात. टाळ्या पडतात, कोणीतरी ओरडतो, ‘होऊंदे बुवा!’ इतकं आनंदी गाणं दुसरं सापडणं कठीण.

आणि त्याच गाण्याचं दुसरं कडवं काय म्हणतं? गाणारा विचारतो: आमची जात हीन ठरवलेली, मग तुझ्या उंबऱ्याला शिवायचं कसं? तुझं रूप पाहायचं तरी कसं? शेवटी तो पायरीशीच थांबतो आणि तिथेच अभंग गाण्यात रमतो. चालीच्या उसळीत हे कडवं इतकं अलगद निघून जातं की आयुष्यभर टाळ वाजवलेल्या माणसाच्याही ते ध्यानात येत नाही. आपण देवळाच्या आतून जे गातो, ते देवळाबाहेर उभ्या केलेल्या माणसाचं गाणं आहे.

आता पुन्हा पहिल्यापासून ऐका. सुरुवातीलाच रंग उधळला जातोय, पांडुरंग नाचतोय, पण कुठे? गाभाऱ्यात नव्हे, नाथांच्या घरी! म्हणजे ज्या उंबऱ्यावर गाणाऱ्याला अडवलं, त्या उंबऱ्याच्या आत देव नाहीच. पुढे गाणं सरळ चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतं. तिथे गाणं, नाचणं, अंघोळ. वाळवंटाला ना उंबरा, ना कुलूप. ‘मला आत घ्या’ अशी विनवणी या गाण्यात कुठेच नाही. त्याने अख्खा उत्सवच उचलून बाहेर नेला आहे. हे एकदा दिसलं की त्या आनंदाची जात वेगळी वाटू लागते. तो आनंद थोडा हट्टी आहे.

अभंगावर नाममुद्रा महार समाजातल्या संत चोखोबांची आहे. पण चोखोबा गेले 1338 साली, आणि एकनाथांचा जन्म त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. हे ‘नाथ’ म्हणजे एकनाथच धरले, तर अभंग मागाहून कोणीतरी चोखोबांच्या नावावर रचला असणार. मला ही गोष्ट अभंगाइतकीच भारी वाटते. रचणाऱ्याने स्वतःचं नाव पुसून चोखोबांचं लावलं, आणि देवाला नाचायला घर निवडलं ते कोणाचं? गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारं महाराचं पोर ज्यांनी कडेवर घेतलं अशी कथा आहे, त्या पैठणच्या नाथांचं.

हे गाणं घरोघरी पोचलं पंडित जितेंद्र अभिषेकींच्या चालीने आणि आवाजाने. अभिषेकी मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. घराण्याकडे मंगेशाच्या अभिषेकाचा मान, त्यावरूनच आडनाव पडलेलं. ज्यांच्या पूर्वजांचे हात रोज देवाला लागत होते, त्यांच्या गळ्यातून उंबऱ्यालाही न शिवू शकणाऱ्याचा प्रश्न बाहेर पडला.

चोखोबांचा शेवट असा: मंगळवेढ्याच्या तटबंदीच्या कामावर महारांना राबायला नेलं होतं. भिंत कोसळली आणि मजुरांसोबत चोखोबाही तिच्याखाली गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांची हाडं वेचली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. ती पंढरपुरात महाद्वारासमोर पुरली. आज वारकरी आत जाण्याआधी तिथे डोकं टेकतो.

खरं वादळ मात्र चोखोबांच्या घरात होतं. त्यांची पत्नी सोयराबाई म्हटलं की किशोरी आमोणकरांनी गायलेला, सगळे रंग एक होण्याचा अभंग आठवतो. पण याच सोयराबाईंनी दुसऱ्या एका अभंगात विचारलंय की विटाळावाचून देह झालाय तरी कोणाचा? सोवळं-ओवळं पाळणारासुद्धा त्याच वाटेने जगात आला. आणि मुलगा कर्ममेळा तर देवाला धारेवरच धरतो. इतरांच्या ताटात पक्वान्नं आणि आमच्या वाट्याला उष्टं, मग जन्माला तरी कशाला घातलंस? आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक मागणीला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कर्ममेळ्याचं गाऱ्हाणं तसंच आहे, फक्त ‘व्हय’ म्हणायला कोणी उभं नाही.

अमेरिकेत गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1845 सालच्या आत्मचरित्रात गाण्यामागचं दुःख ऐकू न येण्याची अशीच एक गोष्ट लिहिली आहे. गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत असं उत्तरेतली माणसं म्हणत, आणि त्याला याचं भयंकर आश्चर्य वाटे, कारण ती गाणी दुःखातून फुटलेली होती. 1939 मध्ये तिथलीच गायिका बिली हॉलिडेने झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांचं गाणं गायलं, तेव्हा चाल ऐकून फसायची सोयच तिने ठेवली नाही. आमचा अभंग डग्लसच्या गाण्यांच्या जवळचा. आपणही उत्तरेतल्या त्या माणसांसारखेच ऐकत आलो.

हा उंबरा काही फक्त पंढरपुरात नव्हता. आपल्या गावऱ्हाटीत पालखीला खांदा कोणाचा, तरंग कोणाच्या हाती, हे सगळं ठरलेलं, तसंच कोणी कुठवर यायचं हेही. सर्व जातींसाठी रत्नागिरीत पतितपावन मंदिर 1931 साली उघडलं, तेव्हा सिंधुदुर्ग त्याच जिल्ह्यात होता. पुढच्याच वर्षी रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं. उच्चवर्णीयाला ते द्यायला तुरुंग तयार नव्हता, म्हणून त्यांनी अन्न तोडलं. पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजीही उपवासाला बसले. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत आप्पांनी मेलेली जनावरं सोलण्यापासून संडासांच्या बांधणीपर्यंत सगळी ‘हलकी’ कामं स्वतः केली. सोयराबाईंनी विटाळावर शब्दांनी घाव घातला होता, आप्पांनी हातांनी घातला. पंढरपूरचा उंबरा हरिजनांना खुला झाला तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. चोखोबा जाऊन सहाशे नऊ वर्षं झाली होती.

डॉ. आंबेडकरांना पायरीशी रमणं पुरेसं वाटत नव्हतं, आणि त्यांचं खरंच होतं. चोखोबांच्या कितीतरी अभंगांत दोष पूर्वजन्मीच्या कर्मावर जातो आणि पायरी राखणारे सुटतात. तरी ‘द अनटचेबल्स’ हे 1948 सालचं पुस्तक बाबासाहेबांनी नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखोबांनाच अर्पण केलं. 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्धवाड्यांतली गाणी बदलली. तिथे 14 एप्रिलला भीमगीतं होतात. पेटी तीच असते, पण विठ्ठलाला कोणी काही विचारत नाही. गाण्यात संविधान येतं, हक्क येतात, आणि प्रश्न असतो तो समोर बसलेल्या गावाला.