छातीतील जळजळ : चिरा न देता झडपेची दुरुस्ती



सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही वस्तीवर गेले, की उसाच्या गप्पा संपता संपता एक तक्रार हमखास निघते, "साहेब, पित्तानं पार हैराण केलंय बघा." घशाशी आंबट येते, छातीत जळते, रात्री पाठ टेकली की जास्तच. उपाय ठरलेला, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. ढेकर येतो, बरे वाटते, चार दिवसांनी पुन्हा तेच. मी स्वतः अशी आठ वर्षे काढली, म्हणून हे लिहितो.

बिघाड समजण्यासाठी विहिरीवरची मोटार आठवावी. पाईपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, मागे जाऊ देत नाही. तो गळू लागला की मोटार नुसतीच फिरते. आपल्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकालाही स्नायूंची अशी झडप आहे. घास खाली सोडायचा, पण जठरातले आम्ल वर येऊ द्यायचे नाही, हे तिचे काम. ती ढिली पडली की आम्ल वर चढते. ते सोसणारे अस्तर जठराला असते, अन्ननलिकेला नसते. म्हणून तिथे जळते, पुढे व्रण पडतात. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढले, तर थोड्या जणांत ते कर्करोगापर्यंतही जाते.

पहिला उपाय आपल्या हातात आहे. पाण्याची पाळी उरकून रात्री उशिरा भरपेट जेवायचे आणि लगेच आडवे व्हायचे, ही सवय मोडावी. जेवण आणि झोप यांत तीन तास जावेत. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली वीट ठेवावी. वाढलेले पोट कमी करावे. तंबाखू, मिश्री, दारू बंद.

दुसरा उपाय गोळ्यांचा. ओमेप्राझोलसारखी गोळी सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवल्यावर घेऊन "गुण येत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मात्र गोळी आम्ल कमी करते, झडप दुरुस्त करीत नाही.

झडपेची दुरुस्ती प्रथम रुडॉल्फ निसेन या शल्यवैद्यांनी दाखवली. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा, ही त्यांची पद्धत १९५६ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यासाठी पोट उघडावे लागे. १९९१ पासून तेच काम पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने होऊ लागले.

आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. रुग्णाला भूल देऊन तोंडावाटेच दुर्बीण व उपकरण आत घालतात, जठराच्या वरच्या भागाची घडी घालतात आणि ती बारीक टाचण्यांनी पक्की करतात. बाहेरून कुठेही चिरा नाही. अमेरिकेत या उपकरणाला २००७ साली मान्यता मिळाली. झडपेच्या स्नायूला विद्युतलहरींची ऊब देऊन तो आवळण्याचीही एक पद्धत आहे. जपानचे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी झडपेजवळचे थोडे अस्तर काढून, जखम भरताना ती जागा आपोआप आकसेल अशी युक्ती काढली.

पण ही जादू नव्हे. जठराचा भाग छातीत फार सरकला असेल तर नुसत्या तोंडावाटेच्या दुरुस्तीने भागत नाही. काहींना काही वर्षांनी पुन्हा गोळ्या सुरू कराव्या लागतात. म्हणून आधी एंडोस्कोपी आणि चोवीस तास आम्ल मोजण्याची तपासणी करून मगच निर्णय घेतात. अशा दुरुस्तीसाठी बहुधा मोठे शहर गाठावे लागते. साधी एंडोस्कोपी मात्र मिरज, सांगली, कराड, सातारा येथे होते. माझी दहा मिनिटांत झाली. व्रण निघाले, पण गोळ्या आणि सवयींवरच भागले. आठ वर्षांपूर्वी गेलो असतो तर व्रणांपर्यंत मजल गेलीच नसती.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घास अडकणे, वजन उतरणे, शौचाला काळे होणे किंवा उलटीत रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि छातीत दाटून घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ते पित्त समजून सोडा घेत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा तडक दवाखाना.

पाने पिवळी पडली की आपण मातीचा नमुना तपासायला देतो. स्वतःच्या शरीराबाबत तेवढीच तत्परता दाखवावी, ही विनंती.