बास गिटारची लिपी : टॅब की स्टाफ नोटेशन?

भीमजयंती असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, नागपुरातील वस्त्यांमधून गीतांचे कार्यक्रम होतात आणि त्या कार्यक्रमांच्या वाद्यवृंदात ढोलकी, कीबोर्ड यांच्या जोडीला बास गिटार आता रूढ झाली आहे. आपल्या वसतिगृहातील मुलांनाही या वाद्याची ओढ वाटू लागली आहे. ही मुले बहुधा ‘टॅब’ नावाच्या आकड्यांच्या लिपीवरून वाजवायला शिकतात. त्यामुळे पालकांकडून दोन प्रश्न वारंवार येतात. केवळ आकडे पाहून वाजवणे याला शिक्षण म्हणावे काय? आणि म्हणू नये, तर पाच रेषांचे ते विलायती स्टाफ नोटेशन शिकण्यात मुलांनी अभ्यासाचा वेळ का घालवावा?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्ही संगीताचे अधिकारी नव्हे, इतिहासाचे शिक्षक आहोत. परंतु लिपी कोणाच्या हाती असते आणि ती हाती आल्याने माणसाच्या स्थितीत काय पालट होतो, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. त्या दृष्टीने या विषयाची मांडणी येथे करीत आहोत.

दोन लिप्यांचे स्वरूप

बास गिटारला सामान्यतः चार तारा असतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे जाताना त्यांचे स्वर ई, ए, डी आणि जी असे लावतात. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीचे, उभे धरायचे डबल बास हे वाद्य करीत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली आणि गळ्यात अडकवून वाजवता येणारी विजेवरची बास गिटार जगभर पसरली. ताल आणि सूर यांना एकत्र बांधून ठेवणे हे या वाद्याचे मुख्य काम. ते ठळकपणे कानात भरत नाही. मात्र थांबले की गाण्याचा पायाच निघाल्यासारखे वाटते.

टॅबमध्ये चार आडव्या रेषा असतात आणि त्या चार तारांच्या निदर्शक असतात. सर्वांत खालची रेषा म्हणजे सर्वांत जाड तार. रेषेवर लिहिलेला आकडा म्हणजे बोट ठेवण्याचा पडदा, ज्याला वादक फ्रेट म्हणतात. शून्य म्हणजे मोकळी तार. खालच्या रेषेवर ३ लिहिले असेल, तर जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवावे. जी हा स्वर वाजतो. एवढे समजले की मूल पहिल्याच दिवशी वाजवू लागते.

स्टाफ नोटेशनमध्ये पाच रेषा असतात. पण त्या तारांच्या नसून स्वरांच्या उंचीच्या असतात. खून जितकी वर, तितका स्वर उंच. बाससाठी या रेषांच्या आरंभी ‘बास क्लेफ’ हे चिन्ह काढतात. त्याच्या दोन टिंबांच्या मधली रेषा एफ या स्वराची असते आणि बाकीचे स्वर तिच्यावरून मोजतात. शिवाय खुणेच्या आकारावरून स्वर किती काळ टिकवायचा ते कळते. चार मात्रांच्या नेहमीच्या ठेक्यात दांडी नसलेला पोकळ गोल चार मात्रांचा, दांडी असलेला पोकळ गोल दोन मात्रांचा, भरलेला गोल एका मात्रेचा आणि त्याच्या दांडीला शेपूट असेल तर अर्ध्या मात्रेचा. विश्रांतीलाही स्वतंत्र चिन्हे आहेत.

आपल्या लकडगंजातील लाकडाच्या कामाचा दाखला येथे उपयोगी पडेल. फळीवर सुताराने पेन्सिलीने केलेली खूण सांगते की करवत येथे चालवा. घराचा नकाशा सांगतो की खोली किती, दार कुठे, उजेड कोणत्या बाजूने येणार. खुणेवाचून फळी कापता येत नाही, आणि नकाशावाचून त्या फळीचे पुढे काय व्हायचे ते कळत नाही. टॅब ही फळीवरची खूण आहे. स्टाफ नोटेशन हा नकाशा आहे.

टॅब म्हणजे मोबाइलच्या काळातील पळवाट, असे काही जण मानतात. ते बरोबर नाही. १५०७ साली व्हेनिस येथे पेत्रुची या मुद्रकाने ल्यूट या तंतुवाद्याचे टॅब-पुस्तक छापले होते. पाच रेषांच्या लिपीचे मूळ त्याहून जुने असून अकराव्या शतकातील इटालियन संन्यासी ग्विदो यांच्या रेषापद्धतीपर्यंत ते जाते. दोन्ही लिप्या शतकानुशतके शेजारी शेजारी नांदल्या आहेत. तेव्हा त्यांत उच्चनीच न मानता, कोणती लिपी काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढेच पाहावे.

प्रत्येकीची मर्यादा

स्टाफ नोटेशनचीही एक उणीव आहे. बास गिटारवर मोकळ्या जी तारेचा स्वर डी तारेच्या पाचव्या, ए तारेच्या दहाव्या आणि ई तारेच्या पंधराव्या पडद्यावरही मिळतो. स्वर एक, जागा चार. पाच रेषांवरची खूण स्वर सांगेल. यांपैकी सोयीची जागा कोणती, ते सांगणार नाही. नवशिक्याची येथेच दमछाक होते, आणि टॅब त्याच्या मदतीला येते.

टॅबच्या उणिवा मात्र अधिक खोलवरच्या आहेत. पहिली उणीव कालमानाची. साध्या टॅबमध्ये स्वर किती मात्रांचा हे लिहिलेले नसते. गाणे आधी ऐकलेले असेल तरच ती उपयोगी पडते. न ऐकलेले गाणे तिच्यावरून उभे राहत नाही. दुसरी उणीव देवाणघेवाणीची. बासची टॅब ट्रंपेटवाल्याच्या किंवा कीबोर्डवाल्याच्या पुढ्यात ठेवली तर तिचा त्याला उपयोग नाही. स्टाफ नोटेशन ही वाद्यावाद्यांमधली समाईक भाषा आहे. टॅब ही एका वाद्याची घरगुती बोली आहे.

तिसरी उणीव एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गायकाची पट्टी पांढरी पाच आहे, म्हणजे जी हा त्याचा षड्ज. बासवर सा, प आणि वरचा सा वाजवायचे तर टॅबमध्ये ई तारेवर ३, ए तारेवर ५ आणि डी तारेवर ५ असे आकडे येतील. आता दुसरा गायक उभा राहिला आणि त्याने पांढरी सहा मागितली. आकडे झाले ५, ७, ७. ज्याने केवळ आकडे पाठ केले आहेत त्याला हे नवे गाणे वाटते. ज्याला सा–प–सा हा संबंध कळला आहे, तो हात दोन पडदे पुढे सरकवतो आणि मोकळा होतो. आकडा जागा सांगतो. स्वरांमधले नाते सांगत नाही.

आपल्याकडील स्वरलिपी

स्वर लिहून ठेवण्याचा विचार आपल्याकडेही झाला आहे. ज्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीने बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यांच्याच आश्रयाने १८८६ साली बडोद्यात मौलाबक्ष यांची संगीतशाळा सुरू झाली. मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती रचली होती. पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपापल्या पद्धती घडवल्या. भातखंडे यांनी घराण्यांनी जपून, क्वचित लपवूनही ठेवलेल्या बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठीत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब. एवढ्या साध्या खुणांनी, एके काळी गुरूच्या मर्जीवाचून न मिळणारी विद्या पुस्तकाच्या किमतीत उपलब्ध झाली. तोंडी विद्येचे दार आतून बंद करता येते. लिहिलेल्या विद्येचे दार तितके घट्ट बंद होत नाही.

गोव्याचा धडा

स्टाफ नोटेशन हाती आल्याने काय घडते, याचे आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. पण त्या शिक्षणाने पिढ्यान्पिढ्या वाचू शकणारे वादक तयार झाले. मुंबईत बोलपट बहरला तेव्हा अनेक संगीतकारांना चाल सुचत असे, परंतु पन्नास-साठ वादकांसाठी ती लिहून काढता येत नसे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी प्रत्येकाला त्याचा भाग पाठ करवून घेण्याइतका अवकाशही नसे. कागद समोर ठेवताच वाजवू शकणारा वादक आणि तो कागद लिहिणारा संयोजक यांच्यावाचून काम अडत असे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या गोमंतकीयांनी ते काम केले.

माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रंपेटवादक होते आणि त्यांनीही अनेकांना स्वरलेखन शिकवले. म्हणजे ही विद्या एका प्रांताची किंवा एका धर्माची ठेव राहिली नाही. ज्याला शिकवली त्याला ती आली. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात गोन्साल्विस यांचे नाव येते, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन होय. तरीही हे नमूद करावे लागेल, की या लिहिणाऱ्यांची नावे पडद्यावर फारशी झळकली नाहीत. लिपीने त्यांना रोजगार आणि वादकांत मान दिला; श्रेय आपोआप दिले नाही. श्रेयासाठी निराळा झगडा करावाच लागतो.

कानाची परंपरा

यावर एक आक्षेप योग्यच आहे. स्टाफ नोटेशन न वाचणारे थोर वादक कितीतरी झाले. बीटल्सचे बासवादक पॉल मॅकार्टनी हे त्यांपैकीच. आपल्या जलशांची आणि भीमगीतांची परंपरा तर संपूर्ण कानावर आणि कंठावर उभी आहे. जिने ध्वनिक्षेपक नसताना गावेच्या गावे जागी केली, त्या परंपरेला अक्षरशून्य म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. कान हाच संगीताचा पहिला गुरू आहे.

परंतु इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला एक हानीही दिसते. जलशांतील गीतांचे शब्द पुस्तकांत उतरले. चाली मात्र बहुतांशी गाणाऱ्यांच्या कंठात राहिल्या. गाणारा गेला की शब्द उरतात आणि चाल हरवते. ध्वनिमुद्रण झाले तेथे ती वाचली; जेथे झाले नाही तेथे ती जाणत्या म्हाताऱ्यांच्या आठवणीवर अवलंबून आहे. टॅब येथे अपुरी पडते, कारण ती बोटांच्या जागा नोंदवते, चाल नोंदवीत नाही. आजीच्या तोंडचे गाणे कागदावर उतरवायचे तर स्वरलिपीच हवी. मग ती भातखंडे यांची असो की पाच रेषांची.

मग मुलांनी काय करावे?

पालकांना आमचे सांगणे असे. मुलाने टॅबवर सुरुवात केली म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. पहिल्या महिन्यातच पाच रेषांचे ओझे दिले, तर वाद्य कोपऱ्यात पडेल. मात्र टॅबच्या आकड्यांवर सा रे ग म लिहिण्याची आणि खाली मात्रा मोजून मांडण्याची सवय आरंभापासून लावावी. या दोन ओळींनी टॅबच्या दोन मोठ्या उणिवा, नात्याची आणि कालमानाची, बऱ्याच अंशी भरून निघतात.

त्यानंतर रोज पंधरा मिनिटे स्टाफ नोटेशनला द्यावीत. चार मोकळ्या तारांच्या जागा एका दिवसात पाठ होतात : ई पाच रेषांच्या खाली जोडलेल्या आखूड रेघेवर, ए पहिल्या व दुसऱ्या रेषेच्या मधल्या जागेत, डी मधल्या रेषेवर आणि जी सर्वांत वरच्या जागेत. या चार खांबांवरून बाकीचे स्वर शोधता येतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षांच्या बास-पुस्तकांत दोन्ही लिप्या एकाखाली एक छापलेल्या असतात. अशा पुस्तकात आधी वरची ओळ वाचावी आणि अडेल तेथेच खाली पाहावे. हळूहळू खाली पाहण्याची गरज कमी होते.

ज्याला छंदापुरते वाजवायचे आहे, त्याला टॅब आणि चांगला कान पुरेसे आहेत. ज्याला वाद्यावर पोट भरायचे आहे, त्याने मात्र वाचायला शिकलेच पाहिजे. नागपूरहून फार लांब नसलेल्या पचमढीत भारतीय लष्कराच्या वाद्यवृंदांचे शिक्षण होते. लष्करी वाद्यवृंद असो, ध्वनिमुद्रणाचे काम असो किंवा संगीतशिक्षकाची जागा, समोर ठेवलेला कागद वाचता येतो काय, हा प्रश्न तेथे येतोच. त्या वेळी आपल्या मुलाने मान खाली घालून उभे राहू नये.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण अक्षरांच्या बाबतीत मनावर घेतला, म्हणून आज ही स्मरणिका आपल्याच मुलांच्या हातून लिहिली आणि वाचली जात आहे. स्वरांनाही अक्षरे असतात. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ती येतात, त्यांनी सुटीच्या दिवशी वसतिगृहात येऊन चार मुलांना ती शिकवावीत आणि पालकांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या चाली त्या मुलांकडून लिहवून घ्याव्यात. एवढे झाले तर पुढील स्मरणिकेत गीतांचे केवळ शब्द नव्हे, त्यांचे स्वरही छापता येतील.