अल्पवयीनांवरील लिंगविषयक उपचार : कायदा काय सांगतो?

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे नातलग अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथील काही राज्यांनी अल्पवयीनांच्या लिंगबदलविषयक उपचारांवर बंदी घातल्याची वार्ता त्यांच्याकडून येथे पोहोचते आणि साहजिकच प्रश्न निघतो : आपल्याकडे काय? या विषयात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. ती दूर व्हावी, या हेतूने आम्ही हे विवेचन करीत आहोत.

पहिली गोष्ट अशी : शरीराने निःसंदिग्धपणे मुलगा वा मुलगी असलेल्या, परंतु आपली ओळख निराळी आहे असे वाटणाऱ्या किशोरवयीनांना वयात येणे लांबवणारी औषधे किंवा संप्रेरके देणे. अमेरिकेतील वाद मुख्यत्वे याविषयी आहे. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी असे उपचार निषिद्ध ठरविले आणि १८ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा उचलून धरला. मात्र जन्मजात दोषांवरील उपचारांना त्याच कायद्यात मुभा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, ज्यांची जननेंद्रिये जन्मतःच स्पष्टपणे मुलाची वा मुलीची नसतात, अशा आंतरलिंगी अर्भकांवरील शस्त्रक्रिया. भारतातील न्यायालयांनी प्रामुख्याने या प्रश्नाकडे लक्ष वेधले. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी एका विवाहनोंदणीच्या खटल्यात निकाल देताना या शस्त्रक्रिया थांबविण्याचे निर्देश दिले. त्यानुसार ऑगस्ट २०१९ मध्ये तमिळनाडू सरकारने, जीवाला धोका असल्याचा अपवाद वगळून, त्यांवर बंदी घातली. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्या. व्ही. जी. अरुण यांनी पालकांच्या विनंतीवरून सात वर्षांच्या बालकावर अशी शस्त्रक्रिया करण्यास थेट अनुमती नाकारली आणि प्रकरण तज्ज्ञ समितीकडे सोपविले.

तमिळनाडूचा आदेश मुंबईच्या पालकांना बंधनकारक नाही, तरी त्यामागील विचार त्यांच्याही उपयोगाचा आहे. काही उपचारांना खरोखरच विलंब चालत नाही. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात शरीरातील मीठ घटून अर्भक पहिल्या काही आठवड्यांतच दगावू शकते. त्यावर तातडीने औषधे द्यावी लागतात. मूत्रमार्गातील अडथळाही त्वरित दूर करावा लागतो. परंतु केवळ रूप 'मुलासारखे' किंवा 'मुलीसारखे' दिसावे म्हणून केलेली शस्त्रक्रिया पुन्हा पूर्ववत करता येत नाही. तीमुळे संवेदना वा प्रजननक्षमता गमावली गेल्यास त्याचे परिणाम त्या मुलालाच आयुष्यभर भोगावे लागतात.

प्रौढांचा प्रश्न निराळा आहे. मे २०१२ मध्ये आईवडिलांचा विरोध असलेल्या २१ वर्षीय व्यक्तीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रौढाला लिंगबदल शस्त्रक्रियेपासून रोखणारा कायदा नाही. प्रौढ स्वतः बोलू शकतो, पाळण्यातले बाळ बोलू शकत नाही.

ख्रिस्तसभेची भूमिकाही हा भेद जाणते. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिग्निटास इन्फिनिटा' या घोषणापत्रात लिंगबदलाच्या उपचारांविषयी असहमती आहे. मात्र जन्मजात शारीरिक वैगुण्य असलेली व्यक्ती वैद्यकीय साहाय्य घेण्याचे ठरवू शकते, असेही तेथे म्हटले आहे.

आपल्या घरी असे बाळ जन्मल्यास पालकांनी डॉक्टरांना नि:संकोच विचारावे : यात जीवाला धोका आहे काय? थांबल्यास कोणते नुकसान होईल? बालसंप्रेरकतज्ज्ञाचे मत घेतले आहे काय? 'मुलगा की मुलगी?' या शेजाऱ्यांच्या प्रश्नापायी शस्त्रक्रियेची घाई करू नये. स्नानसंस्कारासाठी तिची मुळीच आवश्यकता नाही. बाळ जसे आले आहे तसेच त्याचे स्वागत करावे आणि जो निर्णय थांबू शकतो, तो त्याच्यासाठी राखून ठेवावा.