शेवटच्या तीन रात्री आणि हातची शिल्लक

कमी खर्चातल्या युरोप सहलीचं अंदाजपत्रक पॅरिसमध्ये कोलमडत नाही, व्हेनिसमध्येही नाही. ते कोलमडतं परतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत. पतपेढीच्या रोखपालाच्या खुर्चीत उमर गेल्यामुळे मला हे कीर्द बघूनच कळतं. सुरुवातीला माणूस पाण्याच्या बाटलीचाही हिशेब लिहितो. शेवटी पाय भरून येतात, सॅकचे पट्टे खांद्यात रुततात, धुतलेले मोजे ओलेच असतात आणि ‘आता दोनच तर दिवस राहिलेत’ म्हणत टॅक्सीला हात केला जातो. घरच्यांसाठी काहीबाही घ्यायचं राहिलेलं असतं ते वेगळंच.

म्हणून भाचीने मार्ग आखायला घेतला तेव्हा मी एकच अट घातली. जिथून विमान, त्याच गावात शेवटच्या तीन रात्री. ‘मावशी, फ्रँकफर्टमध्ये तीन दिवस कोण काढतं गं?’ असं म्हणून तिने नाक मुरडलं. पण गाडी रद्द झाली, बस चुकली, कुठे संप निघाला, तर ते नुकसान विमानाच्या तिकिटावर जाता कामा नये. जर्मन रेल्वेचा वक्तशीरपणा आता मुख्यतः आपल्याकडच्या गप्पांत उरलाय.

आमच्या रेल्वे पासचे दिवस प्रागला पोहोचेपर्यंत संपले. भारतीयांना युरेल पास मिळतो. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो. ठरावीक दिवसांच्या पासात एक दिवस म्हणजे एका मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंत. तेवढ्यात कितीही गाड्या बदला. त्यामुळे लांबचे, महागडे टप्पे पासावर आणि उरलेले बसने, हा साधा हिशेब. प्राग ते फ्रँकफर्ट आम्ही बसने आलो.

प्राग सोडण्याआधी कोरुना संपवायच्या होत्या. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी चलन स्वतःचं आहे. जुन्या शहरात नोटा बदलून देणाऱ्यांच्या पाट्यांवर ‘कमिशन शून्य’ ठळक लिहिलेलं दिसतं, पण खरी मेख दरात असते. तिथे २०१९ पासून एक चांगला कायदा आहे. हजार युरोपर्यंतचा व्यवहार पटला नाही, तर तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. आम्ही मात्र खिडकीकडे गेलोच नाही. उरलेल्या नाण्यांचे सुपरमार्केटमधून रोहलीक घेतले. रोहलीक म्हणजे लांबट, मऊ पाव. बसमध्ये चटणीबरोबर तेच खाल्ले.

फ्रँकफर्टच्या होस्टेलात मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघरातलं एक फळकूट. जर्मनी हे युवा होस्टेलांचं माहेरच. रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांनी मुलांच्या पायी सहलींसाठी स्वस्त मुक्कामाची कल्पना काढली आणि १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं कायमचं होस्टेल उभं राहिलं. आता अशा होस्टेलांच्या स्वयंपाकघरात बहुधा एक फळी ‘ज्याला हवं त्याने घ्या’ म्हणून राखलेली असते. घरी निघालेला माणूस उरलेलं तिथे ठेवून जातो. आम्ही पोहोचलो तेव्हा फळीवर अर्धी पिशवी तांदूळ, चिमटा लावलेला पास्ता, तळाशी बोटभर तेल राहिलेली बाटली आणि मिठाच्या दोन पुड्या होत्या. विमानतळाच्या गावात ही फळी जास्त भरलेली असते, कारण तिथे सगळेच निघालेले! मुगाची डाळ माझ्याकडे होती. तीन रात्री खिचडी झाली आणि हळदीचा वास सुटल्यावर एक कोरियन मुलगी वाटी घेऊन शेजारी येऊन बसली. निघताना आमचं मेतकूट फळीवर ठेवलं. कोणी कशाबरोबर खाल्लं असेल, देव जाणे.

दुसरी गंमत बाटल्यांची. जर्मनीत पाण्याची किंवा सरबताची एकदाच वापरायची प्लास्टिक बाटली घेतली की किमतीवर २५ सेंट अनामत लागते, डब्यावरही तेवढीच. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्राच्या गोल तोंडात घालायची. यंत्र ती फिरवून खूण वाचतं, आत ओढतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. भाचीने प्रागहून आणलेली बाटली घातली, तर यंत्राने ती जशीच्या तशी बाहेर ढकलली. अनामत जिथे भरलीच नाही, तिथे परतावा कसला! रोखपाल म्हणून मी त्या यंत्राला मनोमन पैकीच्या पैकी गुण दिले. गावात मात्र बरेच लोक बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याच्या बाजूला उभी करून ठेवतात. बाटल्या गोळा करून गुजराण करणारी म्हातारी माणसं फिरत असतात, त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. आमच्या शेवटच्या दोन बाटल्या आम्हीही तशाच ठेवल्या. श्रीमंत शहरात हे दृश्य बघून बरं वाटलं असं मी म्हणणार नाही.

रविवारी फ्रँकफर्टची दुकानं बंद. रविवारच्या सुटीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं ते कलम आजच्या घटनेतही कायम ठेवलंय. उघडी राहतात ती उपाहारगृहं, काही बेकऱ्या आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं, पण तिथे दर चढे आणि रांग लांब. आम्ही पाउल्सकिर्खं बघितलं. १८४८ मध्ये पहिली जर्मन राष्ट्रीय सभा भरली ती ही वास्तू, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. नंतर माइन नदीवरच्या लोखंडी पादचारी पुलावरून उगाच या काठाहून त्या काठाला गेलो. एवढ्या प्रवासात घड्याळ न बघता चाललो ते तिथेच.

व्हिसाचं एक मुद्दाम सांगते. शेंगेन व्हिसावर ‘कधीपासून कधीपर्यंत’ या तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. तारखांत सहसा पंधरा दिवस जास्तीचे दिलेले असतात. ते राहण्यासाठी नव्हेत, प्रवास पुढे-मागे झाला तर असावेत म्हणून. खरा आकडा मुक्कामाच्या दिवसांचा, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ही नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे. तेव्हा शिक्का पुसट आहे, कोण बघतंय, या भरवशावर राहू नका.

निघायच्या आदल्या रात्री खाटेवर रुमाल पसरून मोड मोजली. युरोच्या नाण्यांची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी ज्या त्या देशाची. ऑस्ट्रियाच्या एक युरोवर मोझार्ट, इटलीच्या नाण्यावर लिओनार्दोचा हात-पाय पसरलेला माणूस, जर्मनीचा गरुड. भाचीला मोझार्ट ठेवून घ्यायचा होता, ठेव म्हटलं. बाकीची मोड खर्चायलाच हवी, कारण आपल्याकडे चलन बदलणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. विमानतळाकडे जाणाऱ्या लोकलची तिकिटं यंत्रात नाणी घालून काढली. मागे रांग लागली होती, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

तुम्ही जाणार असाल तर शेवटच्या तीन दिवसांचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळ्या पाकिटात घाला आणि ते पाकीट सोबतच्या माणसाकडे द्या. जॅम, मध, मोहरीची चटणी यांच्या बाटल्या हातातल्या पिशवीत नकोत. शंभर मिलीच्या वरच्या बाटल्या बऱ्याच विमानतळांवर तपासणीत काढून घेतात. आणि परतीचं विमान सोमवारचं असेल, तर खाण्याचं सामान शनिवारीच भरून ठेवा.