बाजारभावाचा रकाना

युद्धाची बातमी आपल्या घरांत प्रथम कोणत्या दारानें येते, याचा विचार वाचकांनीं कधीं केला आहे काय? ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियाच्या फौजा युक्रेनमध्यें शिरल्या. त्याच दिवशीं मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक २,७०० अंशांनीं घसरला आणि खनिज तेलाचें पिंप शंभर डॉलरांवर गेलें. थोड्याच दिवसांत घरोघर सूर्यफुलाच्या तेलाची चर्चा सुरू झाली. कारण तें आपल्याकडे बव्हंशीं युक्रेनमधूनच येत असे. खार्किव्हच्या तळघरांत मुलेंबाळें घेऊन बसलेल्या बायांच्या हकीकतीही छापून येत होत्याच. पण त्या आम्हीं तेलाचा भाव पाहून झाल्यावर वाचल्या, हें कबूल केलें पाहिजे.

याबद्दल वर्तमानपत्रांस बोल लावणें सोपें आहे. 'माणसें मरत असतां हे भाव कसले छापतां?' असा प्रश्न सात्त्विक संतापानें विचारणारे पुष्कळ भेटतात. आमचें मत थोडें निराळें आहे, आणि तें तसें बनण्यास बंगालची एक जुनी हकीकत कारण झाली.

१९४२ सालीं जपानी फौजांनीं ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हातीं अन्न व वाहन पडूं नये म्हणून सरकारनें बंगालच्या किनाऱ्यावरील जिल्ह्यांतून जास्तीचा म्हणून तांदूळ उचलला, आणि दहांहून अधिक माणसें नेणाऱ्या होड्या काढून घेतल्या. ज्या मुलखांत होडी हीच बैलगाडी, तेथें याचा अर्थ काय होतो तें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. ऑक्टोबरांत मिदनापूरच्या किनाऱ्यास मोठ्या वादळानें झोडपलें. कलकत्त्याच्या कारखान्यांत युद्धाचा माल तयार होत होता. तेव्हां तेथील कामगारांस रास्त भावानें धान्य मिळावें अशी योजना बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सनें आंखली. खेड्यांतील शेतमजुराची किंवा कोळ्याची काळजी वाहणारें असें चेंबर नव्हतें.

आतां भाव पाहा. कलकत्त्यांत तांदुळाचा घाऊक भाव ११ डिसेंबर १९४२ रोजीं मणास तेराचौदा रुपये होता. १२ मार्चपर्यंत तो २१ झाला, २१ मेपर्यंत तिसांवर गेला, आणि २० ऑगस्ट १९४३ पर्यंत ३७ वर पोहोंचला. हे आंकडे कोणापासून लपलेले नव्हते. ज्याची मजुरी त्या मानानें वाढली नाहीं, त्याच्या घरची चूल किती दिवस पेटेल, हा हिशेब शाळकरी मुलासही करतां आला असता. मृत्यूची वार्ता प्रथम आली ती या भावांतच! पण व्यापारी तो भाव पाही तो सांठ्याच्या चिंतेनें, कारखानदार मजुरीच्या, आणि अंमलदार आवकजावकीच्या. सरकारनें दुष्काळ जाहीरच केला नाहीं, आणि युद्धकालीन निर्बंधांमुळें पत्रकारांची लेखणी बांधलेली होती. भावाखालीं कोण चिरडलें जातें तें उघड लिहिण्याची सोय नव्हती.

'स्टेट्समन' हें त्या वेळीं कलकत्त्यांतील गोऱ्या व्यापारी मंडळींचें पत्र समजलें जाई. त्याचे संपादक इयन स्टीफन्स हे इंग्रज. त्यांनीं रविवार ता. २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकांत कलकत्त्याच्या रस्त्यांवरील उपाशी बायामुलांचीं छायाचित्रें छापलीं, आणि पुढच्या रविवारीं पुन्हां छापलीं. कलकत्तेकरांस त्यांत नवें कांहीं नव्हतें. कचेरीस जातांना ते त्याच फुटपाथावरून वाट काढीत. परंतु दिल्ली आणि लंडन येथें जें आजवर आंकड्यांत होतें, त्यास आतां डोळे आणि बरगड्या फुटल्या. लॉर्ड वेव्हेल ऑक्टोबरांत व्हाइसरॉय झाले, आठवड्याभरांत स्वतः कलकत्त्यास आले आणि त्यांनीं लष्कर मदतीस लावलें. मिदनापुरांत हिंडून तेथील लोकांचीं चित्रें काढणारे चित्रप्रसाद मात्र एवढे भाग्यवान ठरले नाहींत. त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारनें जप्त केल्या. १९४५ सालीं चौकशी मंडळानें मृतांचा आंकडा सुमारें पंधरा लाख धरला. पुढील कांहीं अभ्यासकांनीं तो तीस लाखांपर्यंत नेला.

मार्चपासून ऑगस्टपर्यंत पांच महिने होतात. भाव छापला गेला याबद्दल आमची तक्रार नाहीं. तो छापला नसता तर उरलासुरला पुरावाही बुडाला असता. तक्रार आहे ती त्या रकान्याचा वाचक एकटा गिऱ्हाईक व व्यापारी धरला जातो याबद्दल. तांदूळ ३७ रुपये, आणि त्याच ओळीत 'नौखालीचा मजूर दिवसाला इतके मिळवतो' एवढें छापण्यास कितीशी शाई लागली असती?

२०२२ च्या उन्हाळ्यांत गव्हाचा भाव जगभर चढला होता. ता. १३ मे रोजीं आपल्या सरकारनें गव्हाची निर्यात बंद केली, तेव्हां इकडे वाद झाला तो शेतकऱ्यास चार पैसे मिळावे कीं शहरांत पोळी स्वस्त राहावी, याचा. आणि दोन्ही बाजूंस तथ्य होतें. परदेशांत या गव्हाची वाट कोण पाहत होतें, तें शोधूनच वाचावें लागे. ऑगस्टच्या मध्यास 'ब्रेव्ह कमांडर' नांवाचें जहाज २३,००० टन गहूं घेऊन युक्रेनच्या बंदरांतून निघालें. तो गहूं इथिओपियांतील उपाशी लोकांसाठीं होता. आमच्या घरीं तोंवर तेलाचा भाव उतरला होता आणि युद्धाचीं पानें आम्ही नुसतीं उलटीत होतों. ती बातमी आमच्या दृष्टीस पडली ती पुढें, रद्दी बांधतांना.