चाच्यांचं बेट, बापाची मशीनगन

पीटर बेंचलीचं नाव निघालं की शार्कच आठवतो. ‘जॉज’ची कादंबरी त्याची, आणि 1975 साली त्यावरून निघालेल्या चित्रपटानं उन्हाळ्यातल्या भव्य चित्रपटांचा सगळा हिशेबच बदलून टाकला. त्याच बेंचलीच्या 1979 च्या कादंबरीवर, त्याच्याच पटकथेवरून, ‘जॉज’च्याच झॅनक आणि ब्राऊन या निर्मात्यांनी 1980 मध्ये ‘द आयलंड’ काढला. दिग्दर्शक मायकेल रिची, नायक मायकेल केन, कॅमेऱ्यामागे फ्रेंच नवलाटेतला आन्री दकाय, संगीत एन्यो मोरिकोनेचं. इतकी माणसं जमूनही चित्रपट पडला. केनला तर सर्वांत वाईट अभिनेत्याच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं. समुद्री चाच्यांवरच्या चित्रपटांचा आढावा घेताना आजही हे नाव बहुतेकदा सुटतं. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे.

कथा बर्म्युडा त्रिकोणापासून सुरू होते. बोटी नाहीशा होतात, माणसं सापडत नाहीत. न्यूयॉर्कमधला पत्रकार ब्लेअर मेनार्ड शोध घ्यायला निघतो आणि घटस्फोटानंतर वाट्याला आलेले दिवस सत्कारणी लागावेत म्हणून जस्टिन या मुलालाही बरोबर नेतो. दोघं सापडतात ते चाच्यांच्या हाती. सतराव्या शतकातल्या लुटारूंचे हे वंशज तीनशे वर्षं एका बेटावर दडून राहिले आहेत. त्यांची बोली मोडकीतोडकी, कायदा जुना, आणि आपसातल्या लग्नांनी रक्त पातळ झालेलं. म्होरक्याचं नाव झाँ-डेव्हिड नाऊ. इतिहासातल्या लोलोनुआ या क्रूर फ्रेंच चाच्याचंही खरं नाव हेच होतं. त्याची कृत्यं एक्सकेमेलिननं 1678 साली डच भाषेत छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवली आहेत. डेव्हिड वॉर्नरनं हा नाऊ विलक्षण संयमानं उभा केला आहे. तो ओरडत नाही, हसवत नाही. आपण जगतो तेच योग्य, याविषयी त्याला तिळमात्र शंका नाही.

हिंसा भरपूर आहे आणि ती सुरुवातीलाच येते. मासेमारीच्या सहलीला आलेल्या निवांत माणसांवर कुऱ्हाडी पडतात. त्या काळी अनेकांना हे किळसवाणं वाटलं. पण एरॉल फ्लिनच्या जमान्यापासून चाच्यांवर चढत गेलेला मखमली रंग खरवडायचा, तर हे दाखवायलाच हवं होतं. लूट म्हणजे रक्त, एवढी साधी गोष्ट पडदा फार वर्षं लपवत आला होता. फसलेले भागही आहेत. एका शिडाच्या बोटीवरच्या हल्ल्यात कराटेची हाणामारी घुसडली आहे. तिथे रिचीचा हात सुटतो आणि पुढची काही मिनिटं चित्रपटाला आपला सूरच सापडत नाही.

मला मात्र हा चित्रपट मुख्यतः जस्टिनचा वाटतो. चाचे मोठ्यांना मारतात, कारण साक्षीदार नको. मुलांना ठेवतात, कारण मुलं घडवता येतात. मेनार्डचा जीव वाचतो तोही फक्त बीजासाठी. ज्या चाच्याला त्यानं मारलं, त्याच्याच विधवेकडे त्याला सोपवलं जातं. नाऊला मात्र वारस हवा आहे आणि तो जस्टिनमध्ये त्याला दिसतो. पोराला नवं नाव मिळतं, शस्त्र मिळतं, लक्ष देणारा पुरुष मिळतो. याच पोराला आधी फ्लॉरिडातल्या बंदुकांच्या दुकानात बापानंच नेलेलं असतं. म्हणून जस्टिन बापाकडे परक्या नजरेनं पाहतो तेव्हा धक्का बसतो, आश्चर्य मात्र वाटत नाही.

आणि मग अमेरिकन तटरक्षक दलाच्या जहाजावरचा तो प्रसंग. चाच्यांनी जहाज बळकावलेलं. मेनार्डच्या हाती डेकवरची मशीनगन लागते आणि तो चालवतच राहतो. चाच्यांच्या कुऱ्हाडींना जे जमलं नाही ते सुधारलेला माणूस एका दमात करतो. केनच्या चेहऱ्यावर विजय नाही. ज्याला वाईट अभिनय म्हटलं गेलं, त्यातला हा क्षण कुणी नीट पाहिला होता का, असा प्रश्न पडतो.

पुढे सोमालियाच्या किनाऱ्यावरचे खरे चाचे बातम्यांत आले आणि चित्रपट बदलले. 2013 च्या ‘कॅप्टन फिलिप्स’मध्ये पॉल ग्रीनग्रासनं 2009 चं ‘मर्स्क अलाबामा’ प्रकरण उभं केलं. चित्रपट वेगवान आहे, आणि बर्खाद अब्दीचा चाच्या विसरता येत नाही. पण शेवटी भरवसा अमेरिकी नौदलावरच राहतो. टोबियस लिंडहोल्मचा डॅनिश ‘काप्रिंगेन’ (2012) मला त्याहून थोर वाटतो. मुंबईकडे निघालेलं ‘रोझेन’ हे मालवाहू जहाज पकडलं जातं आणि मग केवळ घासाघीस सुरू होते. चित्रीकरणाचं जहाज प्रत्यक्षातही 2007 साली चाच्यांच्या तावडीत सापडलं होतं. वाटाघाटींचा सल्लागार झालेला माणूस खऱ्या आयुष्यातही त्याच क्षेत्रातला. जहाजाचा आचारी झुरत जातो, कोपनहेगनमधला कंपनीप्रमुख आकडे खाली ओढत राहतो. इथे चाच्यांना माणसं जिवंत हवी असतात, कारण पैसा त्यांचाच मिळतो. नाऊच्या बेटावर नेमकं उलट होतं.

आपल्याकडे हा विषय पडद्यापुरता कधीच नव्हता. 1999 मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज भारतीय नौदल आणि तटरक्षक दलानं अरबी समुद्रात पकडलं आणि चाच्यांवर खटला चालला तो मुंबईत. मार्च 2024 मध्ये ‘रुएन’ जहाजावरून धरलेले 35 चाचे ‘आयएनएस कोलकाता’नं मुंबईतच आणून पोलिसांच्या हवाली केले, आणि त्या जहाजावरचे 17 खलाशी सुखरूप सुटले. कोठडी, दुभाषे, आरोपपत्र, सागरी चाचेगिरीविरोधातला 2022 चा नवा कायदा, हा भाग वर उल्लेखलेल्या एकाही चित्रपटात नाही. मराठी दिग्दर्शकाला तो मुंबईत हाताशी मिळेल. त्यानं हात घालण्यापूर्वी ‘द आयलंड’ पाहावा, आणि विशेषतः जस्टिन व नाऊ यांच्यातली दृश्यं सावकाश पाहावीत.